मित्रमंडळींची चित्रपट-रात्र : सामूहिक निवडीची समीक्षा

गोषवारा :
मित्रमंडळी एखाद्या घरी जमून चित्रपट पाहतात, तेव्हा 'कोणता चित्रपट पाहावयाचा' हा प्रश्न बहुधा सोयीचा किंवा बहुमताचा मानला जातो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न समीक्षेचा प्रश्न म्हणून तपासला आहे. सामूहिक निवडीविषयीचे अर्थशास्त्रीय व मानसशास्त्रीय विचार, भारतीय रसचर्चेतील प्रेक्षकविचार आणि फिल्म सोसायटी चळवळीचा अनुभव यांच्या आधारे 'अशी ही बनवाबनवी', 'एक रुका हुआ फैसला' व 'फँड्री' या तीन चित्रपटांचा मित्रांच्या बैठकीच्या संदर्भात विचार केला आहे. सर्वांना चालेल असा चित्रपट शोधण्यापेक्षा कोणीतरी कारण सांगून चित्रपट निवडणे आणि त्या निवडीची जबाबदारी घेणे हे मैत्रीला व रसिकतेला अधिक पोषक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सामूहिक निवड, प्रेक्षक, सहृदय, फिल्म सोसायटी, मराठी चित्रपट, अभिरुची.

प्रास्ताविक :
शनिवारची रात्र, कोणा एकाच्या घरची बैठकीची खोली, सहा-सात मित्र आणि समोर दूरचित्रवाणीचा पडदा, हे आजच्या शहरी व निमशहरी मध्यमवर्गीय जीवनातील परिचित दृश्य होय. जेवणे आटोपलेली असतात आणि रिमोट एकाच्या हाती असतो. पडद्यावर चित्रपटांची नावे सरकत राहतात. एकजण एक नाव सुचवितो, दुसरा 'पाहिला आहे' म्हणतो, तिसरा 'फार जड आहे' म्हणतो, चौथा 'काहीही लावा, मला चालेल' असे म्हणून भ्रमणध्वनीत डोके घालतो. पाऊण तासाने जो चित्रपट सुरू होतो तो कोणालाच फारसा हवा नसतो. मध्यंतरापर्यंत दोघे झोपी गेलेले असतात आणि उरलेले आपापसांत दुसऱ्याच विषयावर बोलत असतात.

वरवर पाहता हा प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु कलेचा आस्वाद ही सामाजिक घटना आहे असे एकदा मान्य केले, की हा क्षुल्लक प्रसंग अभ्यासाचा विषय ठरतो. चित्रपटाची समीक्षा आजवर मुख्यतः दिग्दर्शक, कलाकृती आणि अलीकडच्या काळात प्रेक्षक या तीन घटकांभोवती फिरत आली आहे. कलाकृती आणि प्रेक्षक यांच्यामध्ये उभी असलेली 'निवड' ही क्रिया मात्र बहुतांशी दुर्लक्षित राहिली आहे. एखादा चित्रपट चार जणांसमोर ठेवणारी व्यक्ती त्या चित्रपटाविषयी आणि त्या चार जणांविषयी एक मत व्यक्त करीत असते. हे मत उच्चारले जात नाही, म्हणून ते मत नसते असे नव्हे. या अनुच्चारित मताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवडीचा अधिकार : एक संक्षिप्त पार्श्वभूमी :
महाराष्ट्रात चित्रपट समूहाने पाहण्याची परंपरा जुनी आहे. तो आपण निवडण्याची परंपरा मात्र नवी आहे. जत्रेतील तंबूत जो चित्रपट लागे तोच गाव पाहत असे. गणेशोत्सवात रस्त्यावर पांढरा पडदा बांधून जो चित्रपट दाखविला जाई तो मंडळाचे कार्यकर्ते ठरवीत आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले लोक तो पाहत. १९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर आठवड्याच्या अखेरीचा चित्रपट हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना एका खोलीत आणणारा प्रसंग ठरला. तेथेही निवड दूरदर्शनची होती. या सर्व व्यवस्थांत प्रेक्षकाला पर्याय दोनच होते : पाहणे किंवा उठून जाणे.

ऐंशीच्या दशकात भाड्याने मिळणारा व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आला आणि निवडीचा अधिकार प्रथमच घरात आला. वर्गणी काढून यंत्र आणावयाचे आणि भाडे वसूल व्हावे म्हणून एका रात्रीत दोन-तीन चित्रपट पाहावयाचे, अशी प्रथा अनेक गावांत रूढ झाली. तथापि कॅसेटच्या दुकानातील मर्यादित साठा आणि वर्गणीचा हिशेब यांमुळे निवडीला आपोआप कुंपण पडत असे. एकविसाव्या शतकात, विशेषतः २०१६ साली नेटफ्लिक्स व ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ या सेवा भारतात सुरू झाल्यानंतर, हे कुंपण जवळजवळ नाहीसे झाले. पर्याय वाढले, पण निवडीची जबाबदारी कोणाची हा प्रश्न अनुत्तरित राहिला. मंडळाचा कार्यकर्ता, दूरदर्शनचा अधिकारी, कॅसेटवाला यांपैकी कोणीही आता मध्ये नाही. मित्रांना परस्परांशीच बोलून ठरवावे लागते आणि नेमके तेच अवघड जाते.

या प्रवाहाला समांतर अशी आणखी एक परंपरा भारतात होती. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया अस्तित्वात आली आणि १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. फिल्म सोसायटी म्हणजे मुळात चित्रपटवेड्या मित्रांनी जमून चित्रपट पाहण्याचीच संघटित रीत होती. तिचे वेगळेपण असे की, तेथे निवड हे काम मानले जाई. चित्रपट कोणी निवडला आणि का निवडला हे टिपणातून किंवा छोट्या प्रास्ताविकातून सांगितले जाई आणि चित्रपटानंतर चर्चा होई. घरातील चित्रपट-रात्रीने या चळवळीकडून काय घ्यावे, याचा विचार पुढे केला आहे.

बहुमताचा पेच :
मतभेद झाला की मतदान घ्यावे, हा लोकशाहीवादी मनाचा स्वाभाविक उपाय होय. परंतु मतदानाने समूहाची इच्छा कळतेच असे नाही, हे फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने १७८५ सालीच दाखवून दिले. मित्रांच्या बैठकीत त्याचा पेच सहज मांडता येतो. समजा, तीन मित्र आहेत आणि तीन चित्रपट सुचविले गेले आहेत. पहिल्याची पसंती अनुक्रमे 'अशी ही बनवाबनवी', 'एक रुका हुआ फैसला' आणि 'फँड्री' अशी आहे. दुसऱ्याची 'एक रुका हुआ फैसला', 'फँड्री' आणि 'अशी ही बनवाबनवी' अशी आहे. तिसऱ्याची 'फँड्री', 'अशी ही बनवाबनवी' आणि 'एक रुका हुआ फैसला' अशी आहे. आता दोन-दोन चित्रपटांची तुलना केली तर 'बनवाबनवी' ही 'फैसला'वर दोन विरुद्ध एक मतांनी मात करते, 'फैसला' त्याच फरकाने 'फँड्री'वर मात करतो आणि 'फँड्री' पुन्हा 'बनवाबनवी'वर मात करते. प्रत्येक टप्प्यावर बहुमत स्पष्ट आहे आणि तरीही बहुमताचा एक चित्रपट अस्तित्वातच नाही.

या पेचाचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. कोणत्या दोन चित्रपटांवर आधी मत घेतले यावर अंतिम निकाल अवलंबून राहतो. 'बनवाबनवी' आणि 'फैसला' यांत आधी निवड झाली तर शेवटी 'फँड्री' लागेल. 'फैसला' आणि 'फँड्री' यांत आधी झाली तर 'बनवाबनवी' लागेल. म्हणजेच प्रश्न विचारण्याचा क्रम ज्याच्या हाती, निकालही काही अंशी त्याच्याच हाती. बैठकीच्या खोलीत हा अधिकार रिमोट धरणाऱ्याकडे असतो. केनेथ ॲरो यांनी १९५१ साली हा विचार अधिक व्यापक केला. तीन किंवा अधिक पर्याय असता, न्याय्य वाटणाऱ्या काही मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारी, व्यक्तींच्या पसंतिक्रमांवरून समूहाचा पसंतिक्रम ठरविण्याची कोणतीही पद्धत असू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. तात्पर्य, 'आपण मतदान केले' एवढे म्हणून कोणालाही निवडीच्या जबाबदारीतून सुटता येत नाही.

दुसरा पेच मतदानाचा नसून मौनाचा आहे. अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ जेरी हार्वे यांनी १९७४ साली 'ॲबिलीनचा विरोधाभास' मांडला. टेक्सासमधील एक कुटुंब भर उन्हात ॲबिलीन या दूरच्या गावी जेवायला जाऊन दमून परतते आणि मग लक्षात येते की जाण्याची इच्छा कोणालाच नव्हती. प्रत्येकाने दुसऱ्याला हवे असेल असे गृहीत धरून होकार दिला होता. 'मला काहीही चालेल' हे मित्रांच्या बैठकीतील वाक्य याच जातीचे आहे. ते ऐकायला उदार वाटते. प्रत्यक्षात ते स्वतःची आवड उघड करण्याचा धोका टाळते आणि निर्णयाचा भार दुसऱ्यावर ढकलते. मित्रांमध्येही आवड उघड करणे धोक्याचे का वाटावे, याचे उत्तर पिअर बोर्दिय यांच्या १९७९ सालच्या 'ला दिस्तँक्सिओं' या ग्रंथात सापडते. अभिरुची ही व्यक्तीचे सामाजिक स्थान उघड करते; आपण काय पाहतो यावरून आपण कोण आहोत हे इतर ठरवितात. विनोदी चित्रपट सुचविणाऱ्याला उथळ ठरण्याची आणि गंभीर चित्रपट सुचविणाऱ्याला शिष्ट ठरण्याची भीती असते. मग दोघेही गप्प बसतात.

पर्यायांची विपुलता हे या कोंडीचे एकमेव कारण मानण्याचा मोह टाळला पाहिजे. शीना अय्यंगार व मार्क लेपर यांच्या २००० सालच्या प्रसिद्ध प्रयोगात चोवीस प्रकारचे जॅम मांडले असता थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के ग्राहकांनी खरेदी केली, तर सहाच प्रकार मांडले असता सुमारे ३० टक्के ग्राहकांनी. परंतु अशा अनेक प्रयोगांचे २०१० साली जे एकत्रित विश्लेषण झाले त्यात हा परिणाम सरासरीने शून्याच्या जवळ आढळला. तेव्हा दोष केवळ यादीच्या लांबीचा नाही. यादीपुढे बसलेल्यांना परस्परांना काय दाखवावयाचे आहे हे ठाऊक नसणे, हा अधिक मूलगामी दोष होय.

'एक रुका हुआ फैसला' : मतभेदाला दिलेला वेळ :
वरील तीन चित्रपटांपैकी एक स्वतःच सामूहिक निर्णयाविषयी आहे. सिडनी ल्युमेट यांच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) या चित्रपटाचे बासू चटर्जी यांनी १९८६ साली केलेले हिंदी रूपांतर म्हणजे 'एक रुका हुआ फैसला'. एका खोलीत बारा पंच बसले आहेत. वडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या तरुणाविषयी त्यांना एकमताने निर्णय द्यावयाचा आहे. पहिल्या खुल्या मतदानात अकराजण त्याला दोषी ठरवितात, एकजण ठरवीत नाही. त्या एकाला तो तरुण निर्दोष असल्याची खात्री नाही. त्याचे म्हणणे एवढेच आहे की, एखाद्याच्या जिवाचा निर्णय बोलल्याशिवाय होऊ नये.

या चित्रपटाची रचना एका साध्या तत्त्वावर उभी आहे : हात वर करताना दिलेले मत आणि कारण सांगताना दिलेले मत ही दोन वेगळी मते असतात. पुढे गुप्त मतदान होते तेव्हा आणखी एक मत बदललेले आढळते. उघड मतदानातील एकजुटीत संकोचाचा किती वाटा होता, हे त्यातून कळते. मूळ चित्रपटात एका पंचाला बेसबॉलचा सामना गाठण्याची घाई आहे आणि त्या घाईपोटी तो कोणत्याही बाजूला मत द्यायला तयार होतो. त्याचे हे 'काहीही चालेल' हा चित्रपटातील सर्वांत गंभीर नैतिक दोष ठरतो, कारण त्यात द्वेषही नाही आणि विचारही नाही.

अर्थात, खुनाचा खटला आणि शनिवारची रात्र यांची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु हा चित्रपट मित्रांनी एकत्र पाहण्यास विशेष योग्य का, याचे उत्तर येथे मिळते. एकाच खोलीत घडणारा हा चित्रपट दुसऱ्या एका खोलीत पाहिला जातो. पडद्यावरच्या प्रत्येक मतपरिवर्तनागणिक पाहणाऱ्यांपैकी प्रत्येकजण मनात स्वतःचे मत नोंदवीत असतो आणि आपल्याआधी कोणाचे मत बदलले हे शेजारच्या चेहऱ्यावर शोधत असतो. एकट्याने पाहताना हा अनुभव मिळत नाही. समूहासाठी चित्रपट निवडताना 'हा चित्रपट चांगला आहे का' या प्रश्नाइतकाच 'एकत्र पाहिल्याने या चित्रपटात काय वाढते' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो यासाठी.

'अशी ही बनवाबनवी' : सर्वमान्यतेचे बळ आणि मर्यादा :
सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावर आधारलेला आहे. पुण्यात राहण्यास जागा न मिळणारे चार तरुण, फक्त विवाहित जोडप्यांनाच जागा देऊ इच्छिणारी घरमालकीण आणि त्यापायी दोघांनी घेतलेले स्त्रीवेश, असे त्याचे कथासूत्र आहे. मराठी मित्रमंडळींच्या बैठकीत एकमत होत नसले की या चित्रपटाकडे वळण्याचा प्रघात आहे. सर्वांनी तो पाहिलेला असतो आणि नेमके तेच त्याच्या निवडीचे कारण असते.

अशा निवडीला आळस म्हणून हिणविणे योग्य ठरणार नाही. पुनःपुन्हा पाहिलेला चित्रपट हा बघण्यापेक्षा म्हणण्याचा विषय होतो. पात्राच्या आधी प्रेक्षक संवाद म्हणतात. भजनात पुढची ओळ ठाऊक असूनही गोडी कमी होत नाही, तसाच हा प्रकार होय. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मित्रांना जुने नाते पुन्हा जुळविण्यासाठी नव्या अनुभवापेक्षा सामायिक स्मृती अधिक उपयोगी पडते. शिवाय या चित्रपटाचा विषयच मैत्रीचा आहे. एकाच्या अडचणीत चौघांनी खोटे बोलणे आणि ते खोटे सांभाळताना होणारी सर्वांची त्रेधातिरपीट यांतून सहवासाचा जो आनंद व्यक्त होतो, तो खोलीत बसलेल्यांच्या आनंदाशी सहज मिसळतो. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयातील अचूक कालभान हे समूहाच्या हशासाठी जागा ठेवणारे आहे.

तथापि सर्वमान्य चित्रपटाची मर्यादा त्याच्या सर्वमान्यतेतच असते. तो नाते जुळवितो, वाढवीत नाही. पाहिल्यानंतर कोणी कोणाला नवे काही विचारीत नाही, कारण सर्वांची उत्तरे ठरलेली असतात. स्त्रीवेशातील पुरुषाकडे पाहून येणाऱ्या हशाचे स्वरूप काय, किंवा घरमालकांच्या अटी आजही कोणाकोणाला जागा नाकारतात, हे प्रश्न चित्रपटात दडलेले आहेत. परंतु पाठ झालेले संवाद त्यांना वर येऊ देत नाहीत. एखाद्या मंडळाने दरवेळी असाच चित्रपट निवडला, तर त्याचा अर्थ मंडळ एकजीव आहे असा होईलच असे नाही. मतभेदाचा प्रसंग येऊच नये अशी काळजी ते घेत आहे, असाही अर्थ होऊ शकतो.

'फँड्री' : एकघनतेची कसोटी :
समूहाने कला पाहण्याचे महत्त्व भारतीय रसचर्चेने फार पूर्वी ओळखले होते. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकांचे भेद सांगितले आहेत. तरुण शृंगाराने, शूर पुरुष वीर-रौद्र प्रसंगांनी, वृद्ध पुराणकथांनी संतुष्ट होतात, असे सांगून भरताने आदर्श प्रेक्षकाचे सर्व गुण एकाच व्यक्तीत आढळत नाहीत हेही मान्य केले आहे. पुढे अभिनवगुप्ताने असे प्रतिपादन केले की, सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन होते तेव्हा रसाचा परिपोष अधिक होतो. आणि ती एकघन होते, कारण सर्वांच्या चित्तांत अनादी वासना असतात व त्यांचा परस्परांशी संवाद होतो. शेजारचा हसला की आपले हसू वाढते, या नित्य अनुभवाची ही तात्त्विक मांडणी म्हणता येईल.

परंतु खोलीत बसलेल्यांचे संस्कारच भिन्न असतील तर काय, हा प्रश्न या सिद्धान्ताला आजच्या महाराष्ट्रात विचारावा लागतो. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (निर्मिती २०१३, प्रदर्शन फेब्रुवारी २०१४) हा प्रश्न टोकाला नेतो. कैकाडी समाजातील जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातील शालूवर मनोमन प्रेम करतो. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती वश होईल, या आशेने तो रानोमाळ भटकतो. ज्या डुकरांपासून त्याला दूर राहावयाचे असते, तीच पकडण्याचे काम गाव त्याच्या कुटुंबावर लादते आणि तेही शाळेजवळ, वर्गमित्रांच्या डोळ्यांदेखत.

डुक्कर पकडण्याचा हा दीर्घ प्रसंग मुळात हशाच्या लयीत चित्रित केला आहे. माणसे धावतात, पडतात, डुक्कर निसटते, भोवतालचे गावकरी व मुले हसतात. पकड जवळ आली असतानाच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. मित्रांच्या बैठकीत हा प्रसंग पाहिला जात असता कोणीतरी हसण्याची शक्यता असते आणि त्याच खोलीत ते हसू ज्याला सोसत नाही असाही कोणी असू शकतो. पडद्यावरचा समूह हसतो आहे, खोलीतील समूहही हसतो आहे आणि एकजण गप्प आहे. अभिनवगुप्ताची एकघन प्रतीती येथे भंग पावते. पुढे मारलेले डुक्कर काठीला बांधून कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, तेव्हा त्या भिंतीवर रंगविलेली डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे मागे दिसत राहतात. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर पाहणाऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. तो दगड कोणाला लागला, हे प्रत्येकाला स्वतःपुरते ठरवावे लागते.

आता निवडीचा प्रश्न पुन्हा विचारता येईल. 'वातावरण बिघडेल' म्हणून अशा चित्रपटाला नकार देणे ही अनेक मंडळींची रीत आहे. या नकारात सर्वांच्या सुखाची काळजी दिसते. परंतु कोणाचे वातावरण बिघडणार आहे, हे विचारले जात नाही. ज्याला रोज हा अनुभव आहे त्याचे वातावरण चित्रपट न लावल्याने सुधारत नाही. मंडळात त्याच्या अनुभवाला जागा नाही, एवढेच त्याला पुन्हा कळते. दुसरीकडे, एखाद्या मित्राचे दुःख इतरांच्या प्रबोधनाचे साधन व्हावे, अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. चित्रपट संपल्यावर सर्वांच्या माना ज्याच्याकडे वळतात त्याला त्या रात्री मित्र म्हणून बसता येत नाही. तो साक्षीदार होतो. म्हणून 'फँड्री' दाखवावा की नाही याचे सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. तो कोणी सुचविला, कोणासमोर सुचविला आणि त्यानंतर बोलण्याची जबाबदारी कोणी घेतली, यावर ते उत्तर अवलंबून आहे. निवड ही नीतीची बाब होते ती या ठिकाणी.

निवड : एक समीक्षात्मक कृती :
वरील विवेचनावरून असे दिसते की, सर्वांना चालणारा चित्रपट शोधणे आणि समूहासाठी चित्रपट निवडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत नकार टाळले जातात. दुसरीत एक व्यक्ती पुढे येऊन 'हा चित्रपट मला तुम्हांला दाखवावासा वाटतो, कारण...' असे वाक्य उच्चारते. हे 'कारण' म्हणजेच समीक्षेचा आरंभ होय. त्यात कलाकृतीचे मूल्यमापन आहे, समोरच्यांविषयीचा अंदाज आहे आणि तो चुकल्यास टीका ऐकण्याची तयारीही आहे.

'लोकांना झेपणार नाही' हा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या लहान गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम् या संस्थेने केलेले काम या आक्षेपाला उत्तर देते. जगभरचे अभिजात चित्रपट ग्रामीण प्रेक्षकांसमोर ठेवून, त्यांचा परिचय करून देऊन आणि नंतर चर्चा घडवून आणून या संस्थेने चित्रपट-रसग्रहणाची परंपरा निर्माण केली. सुब्बण्णा यांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रेक्षकाची कुवत कमी लेखणारी निवड ही बहुधा निवडणाऱ्याच्या आळसाची खूण असते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

या दृष्टीने मित्रमंडळींच्या, तसेच महाविद्यालयांतील चित्रपट मंडळांच्या संदर्भात काही सूत्रे मांडता येतात. निवडीचा अधिकार पाळीपाळीने प्रत्येकाकडे जावा, म्हणजे क्रम ठरविणाऱ्याची सत्ता एकाच्या हाती राहणार नाही आणि अल्पमतातील आवडीलाही एक रात्र मिळेल. निवडणाऱ्याने दोन-तीन वाक्यांत कारण सांगावे. कथानक सांगू नये. चित्रपटाची लांबी आणि जमण्याची वेळ यांचा मेळ घालावा, कारण मध्यरात्री संपणाऱ्या चित्रपटानंतर बोलण्यास कोणी उरत नाही. साधारण दीड तासाचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आणि सुमारे तीन तासांचा 'सैराट' (२०१६) यांना एकच संध्याकाळ पुरत नाही. तीव्र हिंसा किंवा लैंगिक अत्याचार यांचे चित्रण असल्यास ते आधी सांगावे आणि अशा वेळी कारण न विचारता नकार मान्य करावा. मात्र 'कंटाळवाणा असेल' हा नकार या सवलतीत बसत नाही. शेवटी, चित्रपट संपल्यावर दिवे लागताच पांगण्याऐवजी अर्धा तास तरी बसावे.

या सूत्रांवर असाही आक्षेप येऊ शकतो की, मौजेच्या प्रसंगाला अशा शिस्तीने बांधले तर मौज उरणार नाही. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. प्रत्येक रात्र अभ्यासवर्ग होऊ नये. दमलेल्या मित्रांना कधी केवळ हसावयाचे असते आणि 'बनवाबनवी' सुचविणाऱ्यालाही 'आज आपण हसू या, कारण हा आठवडा सर्वांनाच जड गेला' असे कारण देता येते. कारण गंभीर असलेच पाहिजे असे नाही. ते असले पाहिजे, एवढेच. पाऊणपाऊण तास यादी चाळण्यात जी मौज हरवते, तिच्या तुलनेत दोन वाक्यांची शिस्त फार महाग नाही.

समारोप :
मित्रांनी एकत्र चित्रपट पाहणे ही मनोरंजनाची घटना आहे, तशीच ती एका लहान समाजाची घटनाही आहे. या लहान समाजात कोणाची आवड मोजली जाते, कोणाचे मौन होकार समजले जाते आणि कोणाचा अनुभव 'वातावरण बिघडविणारा' ठरतो, हे निवडीच्या क्षणी स्पष्ट होते. बहुमताने या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, हे कोंदोर्से व ॲरो यांच्या विचारांवरून दिसते. मौनाने ती मिळत नाहीत, हे ॲबिलीनच्या विरोधाभासावरून दिसते. अभिनवगुप्ताची एकघन प्रतीती ही गृहीत धरण्याची गोष्ट नसून, भिन्न संस्कारांच्या माणसांनी एकत्र बसून, पाहून आणि बोलून हळूहळू घडविण्याची गोष्ट आहे, असे आजच्या संदर्भात म्हणावे लागेल.

तीन चित्रपटांच्या विवेचनातून निवडीची तीन प्रयोजनेही पुढे आली. 'अशी ही बनवाबनवी' जुनी ओळख ताजी करते, 'एक रुका हुआ फैसला' मतभेदाला वेळ देण्यास शिकवितो आणि 'फँड्री' आपल्या शेजारी बसलेल्याची आपल्याला कितपत ओळख आहे हे तपासावयास लावते. मैत्रीला या तिन्हींची गरज असते. कोणत्या रात्री कशाची, हे ओळखणे हेच निवडणाऱ्याचे कौशल्य. ते कौशल्य यादी देऊ शकत नाही आणि यंत्रही देऊ शकत नाही, कारण समोर बसलेल्या सहाजणांना त्यांच्यापैकीच कोणीतरी ओळखत असावे लागते.